हात स्थिर झाला तेव्हा

मास्तर दात करायचे. तोंडात आपसूक उगवतात ते नव्हे, ते गेल्यावर बसवून घ्यावे लागतात ते. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन लॅबमध्ये पाठवायचे आणि दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर बसून मास्तर त्या मापावर मेणाचे दात कोरायचे. अशी बावीस वर्षं गेली होती. शाळेत त्यांनी एक तासही शिकवलेला नव्हता, पण लॅबमधले सगळे कोरणी धरायला त्यांच्याकडूनच शिकल्यामुळे मास्तर हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या हातची दाढ डॉक्टर लांबून ओळखायचे. दाढेवरचे उंचवटे, त्यांच्यामधल्या केसाएवढ्या खाचा ते मनगट टेबलाला न टेकवता, हवेतल्या हवेत कोरायचे. "लोकांचे दात घशात घालणारे पुष्कळ असतात," ते म्हणायचे, "मी आपला तोंडात घालतो."

पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचं लिव्हर निकामी झालं. शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेजाऱ्यांनी मात्र आपापलं निदान करून टाकलं होतं. एकाने त्यांच्या बायकोला जिन्यात गाठून हळू आवाजात विचारलं, "किती वर्षं घेत होते?"

"काय?"

"तेच."

"चहा ना? लग्नाच्या आधीपासून," बायको म्हणाली आणि पिशव्या सावरत वर निघून गेली.

पोटात पाणी साठून पोट नऊ महिन्यांच्या गरोदर बाईसारखं झालं. हातापायांच्या काड्या झाल्या. अंगाला अशी खाज सुटायची की ते कंगव्याने पाठ खरवडायचे. बोलता बोलता शब्द हरवायचे. एकदा त्यांना 'चमचा' हा शब्द आठवेना, आणि ते बायकोकडे बघत हवेत नुसतं ढवळत राहिले. नवं लिव्हर हाच एक उपाय होता. मास्तरांची धाकटी बहीण पोस्टात टपाल वाटायची. रोज दहा-बारा किलोमीटर चालणारी, धडधाकट, तोंडाने फटकळ. तपासण्या झाल्या तेव्हा तिचंच जुळलं.

"माझं घे," ती म्हणाली.

"ही काय पेन्सिल आहे का गं?"

"पेन्सिल असती तर परत मागितली असती. हे ठेव."

ऑपरेशन चौदा तास चाललं. तिच्या लिव्हरचा अर्ध्याहून मोठा तुकडा मास्तरांच्या पोटात बसवला. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी पहिल्यांदा आपल्या नखांकडे पाहिलं. नखं गुलाबी झाली होती. वर्षभरात त्यांनी तो रंग पाहिला नव्हता.

घरी आल्यावर मात्र हे शरीर नक्की कोणाचं, असा प्रश्न त्यांना पडायला लागला. पोट उतरलं आणि कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायला लागली. छातीखाली या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत टाक्यांची कमान होती. सरळ उठून बसता यायचं नाही, आधी कुशीवर वळून मग कोपरावर जोर द्यावा लागायचा. शिंक येणार असं वाटलं की ते धावपळ करून उशी पोटाशी धरायचे. मांड्यांत एवढासाही जोर उरला नव्हता. संडासातून उठायला भिंतीला हात लावावा लागायचा. औषधांनी भूक इतकी खवळायची की जेवून उठल्या उठल्या पुढच्या जेवणाची चौकशी व्हायची. चेहरा फुगून गोल झाला, गाल वर आले, डोळे बारीक झाले. दाढी करताना आरशातल्या माणसाला ते म्हणाले, "आपण कुठे भेटलोय का?"

हे सगळं त्यांनी हसून घेतलं. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा मात्र हसू आलं नाही.

आधी वाटलं अशक्तपणा असेल. मग कप बशीवर ठेवताना तो किणकिणायला लागला. शर्टाचं वरचं बटण लावायला तीनदा प्रयत्न करावा लागायचा. परक्या माणसाचं लिव्हर शरीराने हाकलून देऊ नये म्हणून जी कॅप्सूल होती, सकाळी आठला एक आणि संध्याकाळी आठला एक, तिच्यामुळे हे होतं, असं त्यांनी माहितीपत्रकात वाचलं होतं. महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "बाकी सगळं ठीक?"

मास्तरांनी हात मांडीखाली सरकवले. "एकदम ठीक."

तक्रार करायची तरी कशाची? बाजूच्या खुर्चीवर धाकटी बसली होती. तिच्याही पोटावर तशीच कमान होती, आणि ती काहीच आजार नसताना कापून घेतलेली. त्या बाईसमोर माझा हात थरथरतो म्हणून रडायला त्यांची जीभ वळली नाही. धाकटी तर चौथ्याच महिन्यात पुन्हा वाटपावर जायला लागली होती. निदान तसं तिने फोनवर सांगितलं होतं. "खांद्यावर पिशवी टाकली आणि सुटले," ती म्हणाली होती.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांच्या परवानगीने मास्तर लॅबमध्ये गेले. नाकातोंडावर मास्क, प्लास्टर घासायच्या खोलीकडे फिरकायचं नाही, जुन्या कवळ्यांना हात लावायचा नाही, एवढ्या अटी होत्या. लॅबच्या मालकीणबाई स्वतः दारापर्यंत आल्या. खिडकीजवळचं टेबल त्यांनी कोणाला दिलं नव्हतं. कोरण्या ओळीने मांडलेल्या होत्या, स्पिरिटच्या दिव्याला नवी वात होती.

मास्तरांनी एक साधी खालची दाढ घेतली. मेण तापवलं, थेंब सोडला. थेंब हवा होता तिथून तांदळाच्या दाण्याएवढा बाजूला पडला. तो खरवडून दुसरा सोडला. अर्ध्या तासाने उंचवटे कसेबसे उभे राहिले. त्यांनी सगळ्यात बारीक कोरणी घेतली, श्वास रोखला आणि खाच कोरायला घेतली. कोरणीचं टोक थरथरलं, आणि आख्खा उंचवटा टवका निघून टेबलावर पडला.

लॅबमध्ये सहा माणसं होती. एकानेही मान वर केली नाही, आणि त्यावरूनच सगळ्यांनी पाहिलंय हे मास्तरांना कळलं.

मालकीणबाई फार चांगल्या. आठवड्याभराने त्या म्हणाल्या, "मास्तर, घाई कसली? थोडे दिवस तयार कामं डब्यांत भरा, वर चिठ्ठ्या लावा. बसून काम."

मास्तर चिठ्ठ्या लिहायला बसले. डॉक्टरांची नावं, दातांचे आकडे. अक्षर असं येत होतं की जणू धावत्या गाडीत बसून लिहिलंय. दोन दिवसांनी कोणीतरी काहीही न बोलता चिठ्ठ्या छापून आणल्या. मास्तरांना वाटलं, यापेक्षा कोणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मग एका संध्याकाळी कॅप्सूल चुकली. मुद्दाम नव्हे. बायको तिच्या आईकडे गेली होती, मास्तरांना खुर्चीतच डोळा लागला आणि जाग आली ती सकाळीच. घाबरून त्यांनी सकाळची कॅप्सूल घेतली आणि हॉस्पिटलला फोन करायचं ठरवलं. पण फोन उचलताना त्यांचं लक्ष हाताकडे गेलं. हात शांत होता. अगदी पूर्वीसारखा नाही, पण शांत. त्यांनी कपात पाणी भरलं आणि बशीवर ठेवलं. आवाज आला नाही.

त्यांनी फोन खाली ठेवला.

त्या दिवशी दाढेचे दोन उंचवटे त्यांच्या हातून नीट उतरले. पुढचे तीन दिवस त्यांनी दोन्ही वेळच्या कॅप्सूल घेतल्या आणि हात पुन्हा थरथरायला लागला. चौथ्या संध्याकाळी बायकोने नेहमीप्रमाणे गोळ्यांच्या डब्यातला आठचा कप्पा उघडून त्यांच्या तळहातावर कॅप्सूल ठेवली. मास्तर पाण्याचा पेला घेऊन गॅलरीत गेले, पाणी प्याले आणि कॅप्सूल खिशात टाकली. फेकायचं धाडस मात्र झालं नाही. फेकलं तर आपण काय करतोय ते स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. मेणाची एक रिकामी डबी होती, तीत ती ठेवली आणि डबी हत्यारांच्या पेटीच्या तळाशी सरकवली.

एका संध्याकाळी घ्यायची नाही, दुसऱ्या संध्याकाळी घ्यायची, असं सुरू झालं. मग दोन संध्याकाळी नाही, एक घ्यायची. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायचं असायचं. त्याच्या आधीचे दोन दिवस ते काटेकोर व्हायचे, आठच्या ठोक्याला. रक्तात औषध किती आहे हे त्या नळीत दिसतं, आणि दोन दिवसांत तेवढं चढतं, हा हिशेब त्यांनी मनाशी बसवला होता. पहिला रिपोर्ट बरा आला. दुसराही.

लॅबमध्ये आनंदीआनंद झाला. "मास्तरांचा हात आला परत!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे टेबलाभोवती जमले. मास्तरांनी मनगट न टेकवता दाढेची खाच कोरली. टाळ्या पडल्या. बायकोला त्यांनी घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघत राहिली आणि रडायला लागली. "बघा, मी म्हटलं नव्हतं, औषध अंगी लागायला वेळ लागतो?" ती म्हणाली. मास्तर तिच्या डोक्याकडे बघत उभे राहिले. सांगायचं असतं तर ती वेळ होती. ती त्यांनी जाऊ दिली.

त्यानंतर त्यांना धड झोप लागली नाही. दिवसभर हात शांत आणि छातीत धडधड. पायरी चढताना दम लागला की वाटायचं, हे तेच का? दुपारी अंग मोडून आलं की थर्मामीटर बाथरूममध्ये नेऊन ते दार लावून घ्यायचे. थर्मामीटर धरलेला हात जराही हलत नसायचा, आणि त्याचाच राग यायचा.

तिसऱ्या रिपोर्टनंतर हॉस्पिटलमधून तिथल्या समन्वयक बाईंचा फोन आला. प्रत्यारोपणाच्या सगळ्या पेशंटांची देखरेख त्याच करायच्या.

"लिव्हरचे दोन आकडे जरा वर सरकलेत. गोळ्या वेळेवर चालल्यात ना?"

समोर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"हो. एकदम वेळेवर."

"एकही चुकली नाही?"

"एकही नाही."

"मग आठवड्याने पुन्हा रक्त देऊन बघू. ताप, खाज, काहीही वाटलं तर लगेच कळवा."

बायकोने विचारलं, "काय म्हणतात?"

"नेहमीचंच," मास्तर म्हणाले.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी एक अवघड काम घेतलं होतं. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचे अपघातात वरचे सहा दात गेले होते, पटाशीचे चार आणि दोन्ही सुळे. समोरचे दात, त्यात गाणारं तोंड. हवा कुठून निसटते यावर उच्चार ठरणार. "मास्तरांचा हात आहे म्हणून हो म्हटलंय," मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. मास्तरांनी स्वतःला सांगितलं, एवढे सहा दात. मग सगळ्या कॅप्सूल, दोन्ही वेळच्या, जन्मभर.

मंगळवारी तळहाताला खाज सुटली. मेणामुळे असेल, असं त्यांनी ठरवलं, बावीस वर्षांत मेणाने कधी खाज आली नव्हती तरी. बुधवारी लघवी कडक चहासारखी झाली. पाणी कमी प्यायलो, म्हणून त्यांनी दोन तांबे पाणी ढोसलं. पण रंग जाईना.

दातांचा रंग जुळवायला लॅबमध्ये एक पट्टी असते. तिच्यावर सोळा नमुन्यांचे दात ओळीने लावलेले असतात, दुधी पांढऱ्यापासून पिवळट, करड्या, तपकिरीपर्यंत. तो रंग दिव्याखाली बघायचा नसतो, दिवसाच्या उजेडात बघायचा असतो. गुरुवारी दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मास्तर ती पट्टी आणि हातआरसा घेऊन खिडकीत उभे राहिले. त्यांनी खालची पापणी बोटाने ओढली आणि डोळ्याच्या पांढऱ्याशेजारी पहिला नमुना धरला. जुळत नव्हता. दुसरा. तिसरा. चौथ्याला जुळला.

डोळा फसत असेल म्हणून त्यांनी अर्धा मिनिट निळ्या कागदाकडे बघितलं, नजर ताजी करायला आपणच सगळ्यांना शिकवलं होतं तसं. मग पुन्हा धरला. चौथाही कमी पडत होता. पाचवा.

बावीस वर्षांत रंगात त्यांची चूक झाली नव्हती.

टेबलावर सहापैकी चार दात उभे होते. मास्तरांनी त्यांच्यावर झाकण ठेवलं, दिवा विझवला, पेटीच्या तळाची डबी खिशात घातली आणि बरं वाटत नाही म्हणून सांगून ते जिना उतरले. खरं तर हॉस्पिटलला फोन करायला हवा होता. बायकोला सांगायला हवं होतं. पण पाय धाकटीकडे वळले. ज्याची वस्तू त्याला आधी सांगावं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

गुरुवारी या वेळेला ती कुठल्या रस्त्यावर असते ते त्यांना ठाऊक होतं. ते त्या रस्त्यावर गेले. टपालाची पिशवी घेऊन एक अनोळखी माणूस दारोदार फिरत होता.

"इथल्या बाई?" मास्तरांनी विचारलं.

"त्या? त्या चार महिने झाले, आतच असतात. टपालाच्या वर्गवारीला. ओझं उचलवत नाही ना त्यांना."

मास्तर पोस्टाच्या मागच्या दाराने आत गेले. लांबट खोली, भिंतीभर खण, खणांवर गल्ल्यांची नावं. धाकटी उंच स्टुलावर बसून पाकिटं खणांत टाकत होती. डाव्या हाताने पाकिटं टाकायची आणि उजवा हात पोटावर दाबून धरायचा, असं चाललं होतं. भावाला बघून तिने तो हात पटकन खाली घेतला.

"तू इथे कसा?"

"तू वाटपावर होतीस ना?"

"आज जरा इथे बसवलंय."

"चार महिने?"

 तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि स्टुलावरून उतरली. "दादा, तुझे डोळे."

मास्तरांनी डबी काढून पाकिटांच्या ढिगाशेजारी ठेवली आणि झाकण उघडलं. काय सांगायचं त्याची जुळवाजुळव त्यांनी वाटेत केली होती, त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "हात थरथरायचा," ते म्हणाले. "काम होत नव्हतं. संध्याकाळच्या... मी घेतल्या नाहीत."

"किती?"

"सव्वीस."

ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर सोसलं असतं. तिने डबीचं झाकण लावलं, साहेबांच्या टेबलापाशी जाऊन दोन वाक्यं बोलली, पर्स उचलली आणि भावाचं मनगट धरलं. लहान मूल हरवू नये म्हणून धरतात तसं, घट्ट. टॅक्सीत बसल्यावर तिने हॉस्पिटलला फोन केला आणि वहिनीला केला. वहिनीला एवढंच म्हणाली, "वहिनी, गोळ्यांचा डबा आणि रिपोर्ट घेऊन ये. आत्ता. नाही, जिवंत आहे."

अर्ध्या वाटेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग तशीच बाहेर बघत म्हणाली, "मला सांगायचं होतंस."

"तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने रडू?"

"याच तोंडाने. दुसरं कुठलंय तुला?" तिने खिडकीकडून मान वळवली. "माझ्या पोटाची कातडी टाक्यांच्या खाली बधिर आहे. परवा इस्त्री टेकली, वास आला तेव्हा कळलं. पिशवी खांद्यावर घेतली की आतून ओढतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मी कोणाला सांगू? तुला सांगितलं असतं तर तू खंगला असतास. म्हणून मी वाटपावर जाते, मस्त चाललंय. आणि तू तिकडे..." तिने डबी खडखडवली. "आपण दोघं मूर्ख आहोत. पण तू जास्त. तुझ्यामुळे माझं मेलं असतं आत."

टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

हॉस्पिटलमध्ये रक्त घेतलं. आकडे दहापट चढले होते. दुसऱ्या दिवशी बरगड्यांमधून सुई घालून लिव्हरचा कण काढला. शरीराने नव्या लिव्हरवर हल्ला सुरू केलाय, रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले. किती नासधूस झालीये ते तीन इंजेक्शनांनंतर समजेल. रोज एक. उतार पडला तर पडला.

"नाही पडला तर?" बायकोने विचारलं.

"मग पुन्हा पहिल्यापासून," डॉक्टर म्हणाले. आणि पहिल्यापासून म्हणजे काय हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. धाकटीकडे आता द्यायला दुसरं काही नव्हतं.

डॉक्टर मास्तरांकडे वळले. "हात थरथरतो हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, बाकी ठीक ना. मी म्हटलं, ठीक."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, हीच कॅप्सूल हळूहळू विरघळणारी मिळते. सकाळी एकदाच घ्यायची. थरथर पुष्कळ कमी होते. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर त्याच दिवशी बदलून दिली असती."

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बायको दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी सलाइनच्या बाटलीकडे बघत ती म्हणाली, "दर रविवारी मी तो डबा भरायचे. कप्पा रिकामा दिसला की बरं वाटायचं. अहो, रिकामे कप्पे बघून मी खूश व्हायचे."  मास्तरांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. इंजेक्शनांनी तो हात आता असा हलत होता की चादरही हलत होती. तिने तो धरला नाही. थोड्या वेळाने मात्र त्यांच्या बोटांवर चादर ओढून दिली.

चौथ्या दिवशी सकाळचं रक्त गेलं. रिपोर्ट अकराला यायचा होता. धाकटी रजा टाकून आली होती आणि दाराशी उभी होती, बायको पलंगाच्या कडेला. साडेअकरा झाले. बारा वाजले. बाहेर ट्रॉली गेली की तिघेही माना वळवायचे. साडेबाराला समन्वयक बाई आल्या. त्यांनी आधी पाण्याचा घोट घेतला.

"उतरायला लागलेत," त्या म्हणाल्या. "निम्म्यावर आलेत. अजून सुटलो म्हणायचं नाही. पण उतरतायत."

धाकटी दाराला टेकून हळूहळू खाली बसली. उठवायला दोघी लागल्या.

निम्म्याचे चौथाई व्हायला तीन आठवडे गेले. त्या इंजेक्शनांनी उतरलेला चेहरा पुन्हा भोपळ्यासारखा झाला, साखर चढली, पोटात इन्सुलिनची सुई टोचायची वेळ आली. कॅप्सूल बदलली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. डॉक्टर म्हणाले, थोडी राहीलच. गाणाऱ्या बाईंचे उरलेले दोन दात लॅबमधल्या दुसऱ्या कारागिराने पुरे केले. त्या बाई खूश होत्या असं मास्तरांच्या कानावर आलं. चार आपले आणि दोन त्याचे यांत फरक दिसतो का, हे विचारायचं त्यांनी टाळलं.

आता ते वाळूच्या छोट्या पिशवीवर मनगट टेकवून कोरतात. पूर्वी दिवसाला आठ-नऊ दाढा व्हायच्या, आता तीन. बाकीचा वेळ ते इतरांची कामं तपासतात आणि रंग जुळवतात. त्याला हात स्थिर लागत नाही. एखाद्या सकाळी हात फारच नाठाळपणा करतो. त्या दिवशी ते सरळ सांगतात, "आज माझ्याच्याने होणार नाही," आणि हे वाक्य म्हणताना अजूनही त्यांचे कान लाल होतात. बायको सकाळी आठला कॅप्सूल देते आणि म्हणते, "आ करा." ते आ करतात. ती जिभेखाली बघते. बघितल्याशिवाय अजून एकही दिवस गेलेला नाही, आणि मास्तरांनी तिला कधी पुरे म्हटलेलं नाही.

धाकटीने मात्र स्वतःचं दुखणं डॉक्टरांना दाखवायला फार छळलं. आज गर्दी असेल, उद्या रजा नाही. शेवटी मास्तर एका सकाळी तिच्या दारात जाऊन बसले. तिला घेतल्याशिवाय हलेनात.

तपासणीच्या खोलीत हिरवा पडदा ओढलेला होता. आत धाकटी आडवी पडली होती, डॉक्टर कापसाचं टोक तिच्या पोटावर टेकवत होते. मास्तर बाहेर खुर्चीवर बसून ऐकत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि दोन्ही थरथरत होते.

"इथे कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"तिथे तर अजिबात नाही."

मास्तर खुर्चीच्या कडेला आले. कापूस कुठपर्यंत गेला असेल याचा अंदाज ते आपल्या पोटावर बोट फिरवून घेत होते.

"आणि इथे?"

आतून काहीच आलं नाही. मास्तर उठून उभे राहिले.

"थांबा," धाकटी म्हणाली. "पुन्हा लावा बरं तिथेच." आणि मग, "हां. जरासं. गुदगुल्या होतायत हो!"

"शिरा जाग्या होतायत," डॉक्टर म्हणाले. "वर्ष लागेल, दोन लागतील. सगळं येईल असं नाही. आणि ओढतं म्हणता, त्यासाठी व्यायाम देतो. तो मात्र करायचा."

"करेल, करेल," मास्तर पडद्याबाहेरून म्हणाले.

"दादा, तू गप्प बस," आतून आवाज आला.